ई-टाइप घ्यावी की एफ-टाइप?

रेडिंगला राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी मला दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला प्रश्न असा, की निवृत्तीनंतर स्वतःसाठी म्हणून बाजूला ठेवलेल्या रकमेतून १९६६ सालची ४.२ लिटरची जॅग्वार ई-टाइप कूपे, म्हणजे बंद छताची स्पोर्ट्स गाडी, घ्यावी, की त्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत जॅग्वारचीच वापरलेली, अलीकडची एफ-टाइप, शक्यतो आठ सिलिंडरची व्ही८, घेऊन उरलेली रक्कम बँकेत राहू द्यावी. दुसरा प्रश्न असा, की एफ-टाइप ही ई-टाइपची खरी वारस मानावी, की वारसा केवळ नावापुरता आहे. त्यांच्याकडे बंद गॅरेज आहे, पाने-पकडी हाती धरण्याची हौस आहे, आणि महिन्यातून एकदा ते मुलीकडे मँचेस्टरला जातात. त्यांनी विकायला असलेल्या एका ई-टाइपची छायाचित्रे आणि जाहिरातही पाठवली आहे. मी पिंपरीत शिकाऊ कारागीर म्हणून काम करून नंतर जॅग्वारचे घर असलेल्या कॉव्हेंट्रीच्या परिसरात आलो आणि गेली बावीस वर्षे जुन्या जॅग्वार गाड्यांच्या दुरुस्तीचे आणि पुनर्बांधणीचे काम करतो आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल आणि त्यात पत्र्याविषयी अधिक व सौंदर्याविषयी कमी असेल, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी दिलेले बरे, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली, तेव्हा तिची किंमत इंग्लंडमध्ये करांसह सुमारे २,१०० पौंड होती आणि तिच्या तोडीचा वेग देणाऱ्या ॲस्टन मार्टिन डीबी४ साठी जवळपास दुप्पट रक्कम मोजावी लागत असे. त्या पैशांत ग्राहकाला चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्टचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि १९५५, १९५६ व १९५७ अशी सलग तीन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकलेल्या, जॅग्वारच्याच डी-टाइप या शर्यतीच्या गाडीच्या पद्धतीची बांधणी मिळत होती. गाडीचा आकार ठरवणारे माल्कम सेयर ब्रिस्टलच्या विमान कारखान्यातून आलेले होते आणि ते स्वतःला शैलीकार म्हणवून घेत नसत. मध्यभागी पत्र्याचे मोनोकॉक कवच, म्हणजे जिथे अंगच सांगाड्याचे काम करते, आणि त्याच्या पुढे बोल्टांनी जोडलेली रेनॉल्ड्स नळ्यांची चौकट, ज्यात इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन बसते, ही रचना रस्त्यावरच्या गाडीत त्या काळी जवळपास अपूर्वच होती. थोडक्यात, ई-टाइप ही आपल्या काळाच्या पुढची आणि आपल्या किमतीपेक्षा फार मोठी गाडी होती.

एफ-टाइपची गोष्ट वेगळी आहे. ई-टाइपचे उत्पादन १९७४ साली थांबले. १९७५ साली आलेली एक्सजे-एस आणि १९९६ ची एक्सके८ या दोन्ही लांब पल्ल्याच्या आरामशीर गाड्या होत्या. दोन आसनी, खरोखरीची स्पोर्ट्स कार परत बनवण्याचा प्रयत्न ऐंशीच्या दशकात एक्सजे४१ या सांकेतिक नावाने झाला, पण ती गाडी वजनाने फुगत गेली आणि कंपनी फोर्डच्या ताब्यात गेल्यानंतर १९९० मध्ये तो प्रकल्प गुंडाळण्यात आला. २००० साली डेट्रॉइटला एफ-टाइप नावाची एक संकल्पना-गाडी दाखवण्यात आली, तीही पुढे गेली नाही. शेवटी २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना विकत घेतल्यानंतर, जॅग्वारचे डिझाइनप्रमुख इयान कॅलम यांच्या हाताखाली रेखलेली एफ-टाइप २०१२ च्या पॅरिस प्रदर्शनात आली आणि २०१३ पासून विक्रीस लागली. म्हणजे ज्या गाडीची कॉव्हेंट्री एकोणचाळीस वर्षे वाट पाहत होती, ती गाडी मुंबईच्या बॉम्बे हाऊसमधून कारभार पाहणाऱ्या मालकांच्या काळात उतरली. पिंपरीत शिकलेल्या माणसाला याचे थोडे अप्रूप वाटणारच. पुण्यात जॅग्वारच्या काही सेडान गाड्यांची जोडणी झाली, एफ-टाइप मात्र भारतात कायम तयार अवस्थेतच आयात झाली.

परंतु या एफ-टाइपची सुरुवातीची किंमत इंग्लंडात सुमारे ५८,५०० पौंड होती. पोर्शेची बॉक्स्टर खाली आणि ९११ वर, अशा दोघींच्या मधल्या जागेत तिला बसवले होते. ती कोणापेक्षा निम्म्या किमतीत दुप्पट काही देत नव्हती. ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडण्याचे तंत्र कंपनीने तिच्या आधीच एक्सजे आणि एक्सके या गाड्यांत पक्के केले होते, इंजिने घरात होती, आठ गतींचा, झेडएफ या जर्मन कंपनीचा स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात सिद्ध झालेला होता. ही टीका नव्हे. उत्तम सामग्री हाताशी असताना तिच्यातून उत्तम गाडी जुळवणे हेही कौशल्यच आहे. पण ई-टाइपने १९६१ मध्ये केले तसे धाडस एफ-टाइपने २०१३ मध्ये केलेले नाही, आणि म्हणून या अर्थाने तिला वारस म्हणताना माझी जीभ अडखळते.

मग वारसा कुठे आहे? तो मला बॉनेटमध्ये दिसतो. ई-टाइपचे बॉनेट, दोन्ही मडगार्डांसह, एकच एक तुकडा असून पुढच्या टोकावर बिजागरी ठेवून उघडते. एफ-टाइपचे बॉनेटही पुढेच बिजागरी ठेवून उघडते, जे आजच्या काळात खर्चाचे आणि अडचणीचे काम आहे आणि केवळ आठवण जपण्यासाठी केलेले आहे. लांब बॉनेट, मागे सरकवलेली बैठक, मागच्या चाकांना दिलेली ओढ आणि दोन्ही गाड्यांत रस्त्याच्या इतके जवळ बसणे की शेजारच्या लॉरीचे चाक कानाच्या पातळीला येते, एवढा वारसा खरा आहे.

आता आकड्यांकडे येतो, कारण विक्रेते तुम्हाला आकड्यांनीच गुंडाळतील. दोन्ही गाड्यांची लांबी जवळजवळ सारखी आहे: ई-टाइप सुमारे ४.४५ मीटर आणि एफ-टाइप ४.४७ मीटर. फरक रुंदीत आहे. ई-टाइप सुमारे १,६६० मिलिमीटर रुंद आहे, तर एफ-टाइप आरसे सोडून १,९२३ मिलिमीटर. हा सव्वीस सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यांत झुडपांच्या भिंतींमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की त्याचा अर्थ कळतो. ई-टाइपमध्ये तुम्ही रस्त्याच्या आपल्या अर्ध्या भागातही डावी-उजवी जागा निवडू शकता. एफ-टाइपने तो अर्धा भाग आधीच भरलेला असतो. वजनात ई-टाइप तेराशे किलोच्या आसपास, तर २०१३ ची सर्वांत हलकी एफ-टाइपसुद्धा कंपनीच्या आकड्यानुसार १,५९७ किलो. ॲल्युमिनियमचे अंग असूनही हे वजन वाढते, कारण एअरबॅगा, धडकेचा भार पेलणारे दांडे, विजेवर चालणारी आसने, ध्वनिरोधक थर आणि भलीमोठी चाके या सगळ्यांची बेरीज होत जाते.

शक्तीच्या बाबतीत एक खबरदारी हवी. ई-टाइपच्या ३.८ आणि ४.२ लिटर या दोन्ही इंजिनांची जाहीर केलेली शक्ती २६५ अश्वशक्ती आहे, पण ती त्या काळच्या पद्धतीने, म्हणजे इंजिन गाडीबाहेर, पंखा, सायलेन्सर असा कोणताही भार न लावता मोजलेली आहे. आजच्या पद्धतीने मोजल्यास हा आकडा बराच खाली येतो. त्यामुळे ई-टाइप आणि साधी एफ-टाइप यांची ‘२६५ विरुद्ध ३४०’ अशी तुलना जो करतो, तो दोन वेगवेगळ्या फुटपट्ट्या एकमेकींना लावून पाहतो आहे. तसेच वेगाचे. १९६१ साली ब्रिटिश मासिकांच्या हाती चाचणीसाठी ज्या ई-टाइप आल्या, त्यांनी ताशी १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरचा टप्पा गाठला आणि त्या एका आकड्यावर गाडीची कीर्ती उभी राहिली, परंतु त्या गाड्या खास निगुतीने तयार केलेल्या होत्या आणि ग्राहकाच्या हाती पडलेली सर्वसाधारण गाडी त्याहून थोडी मागेच राहत असे. तरीही मला यात मौज वाटते ती ही, की बावन्न वर्षांनंतर आलेल्या सर्वांत साध्या व्ही६, म्हणजे सहा सिलिंडरच्या, एफ-टाइपचा कमाल वेग ताशी १६१ मैल आहे. अर्ध्या शतकात केवळ अकरा मैल! खरी प्रगती कमाल वेगात झालेली नाही. ती झाली आहे त्या वेगापर्यंत पोहोचण्यात, आणि त्याहूनही अधिक, तिथून सुरक्षितपणे थांबण्यात.

थांबण्याचा विषय निघालाच आहे, तर ई-टाइपच्या मागच्या ब्रेकांविषयी सविस्तर सांगतो, कारण दोन गाड्यांमधला फरक इथे हाताला लागतो. ई-टाइपच्या मागच्या डिस्क चाकांजवळ नसतात. त्या आत, डिफरन्शिअलच्या (इंजिनाची ओढ दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअर-पेटीच्या) दोन्ही बाजूंना चिकटून बसवलेल्या असतात. कल्पना उत्तम आहे: ब्रेकांचे वजन चाकावर न पडता गाडीच्या अंगावर पडते, त्यामुळे चाक रस्त्याच्या खाचखळग्यांना हलकेपणाने प्रतिसाद देते. डिफरन्शिअल, डिस्क, दोन्ही बाजूंचे अर्धे ॲक्सल आणि चार स्प्रिंगा असे सगळे मिळून एका पोलादी पिंजऱ्यात बसवलेले आहे, आणि तो पिंजरा रबरी आधारांवर गाडीला टांगलेला आहे. या रचनेचा दुसरा गुण असा, की अर्धा ॲक्सल हाच सस्पेन्शनचा वरचा दुवा म्हणून काम करतो, म्हणजे एक सुटा भाग कमी झाला. पण ब्रेकांची उष्णता थेट डिफरन्शिअलच्या तेलाच्या सीलपर्यंत जाते, सील कडक होतात, तेल झिरपून डिस्कवर येते, आणि मग मालक म्हणतो, ‘मागचे ब्रेक जरा कमी लागतात’. नवीन डिस्क बसवायची म्हटली की नीट काम करू इच्छिणारा मिस्त्री सगळा पिंजराच खाली उतरवतो. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा पिंजरा जॅकवर तोलत तीन वेळा वर-खाली केला, कारण हँडब्रेकची केबल सोडायला विसरलो होतो. आता तेच काम दोन माणसे दोन दिवसांत शांतपणे करतात. एफ-टाइपच्या डिस्क चाकात आहेत, आणि चाक काढले की अर्ध्या तासात नवे पॅड बसतात.

क्लचचेही असेच. ई-टाइपचा क्लच बदलायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात, आणि त्याआधी ते भलेमोठे बॉनेट सोडवून भिंतीशी गादीवर टेकवून ठेवावे लागते. म्हणून ई-टाइप पाहायला जाल तेव्हा क्लच कधी बदलला हे विचारा आणि त्याचे बिल मागा. ‘अजून बरीच वर्षे जाईल’ हे उत्तर म्हणजे पुढचा खर्च तुमचा.

एवढे वाचून ई-टाइप हे दुखणे आहे असे वाटेल, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ई-टाइपमध्ये असे काहीही नाही, जे हातात पाना धरलेल्या आणि कामाचे पुस्तक वाचू शकणाऱ्या माणसाला दुरुस्त करता येणार नाही. तिचे इंजिन, जे युद्धकाळात कारखान्याच्या छपरावर आगीच्या पहाऱ्याला बसलेल्या अभियंत्यांनी आखले आणि जे १९४८ पासून १९९२ पर्यंत कोणत्या ना कोणत्या जॅग्वार किंवा डेमलर गाडीत बनत राहिले, ते आजही पूर्ण उघडून नवे करता येते, आणि बॉनेटपासून बोल्टपर्यंत जवळजवळ प्रत्येक भाग नव्याने तयार होतो. एफ-टाइपचे तसे नाही. तिच्यात डझनावारी संगणक-पेट्या आहेत, आणि त्यातली एखादी बिघडली तर ती उघडून दुरुस्त करण्याची सोय नसते. नवी आणून गाडीच्या ओळखक्रमांकाशी जुळवावी लागते. उत्पादन २०२४ मध्ये थांबले. आज भाग सहज मिळतात आणि पुढची बरीच वर्षे मिळतील. पण २०५० साली सुस्थितीतली ई-टाइप चालू ठेवणे सोपे असेल की एफ-टाइप, असे मला विचाराल तर मी ई-टाइपकडे बोट दाखवीन. विश्वासार्हतेचा निकाल आज नेमका उलटा आहे: मँचेस्टरला पावसात, रात्री नऊ वाजता एम६ महामार्गावर अडकलेले असताना तुम्हाला एफ-टाइपमध्येच बसलेले असावेसे वाटेल.

चालवण्याच्या अनुभवाविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण ते ज्याने त्याने स्वतः करून पाहावे. ४.२ ची किल्ली फिरवली की मागून टाकीतले पेट्रोल ओढणाऱ्या एसयू कंपनीच्या पंपाची टिकटिक ऐकू येते. ती हळू होत थांबली की कार्ब्युरेटर भरले असे समजायचे आणि मगच स्टार्टरचे बटण दाबायचे. स्टिअरिंगला कोणतीही मदत नाही, तरी चालती गाडी हलकी वळते आणि लाकडी चक्राच्या कडेतून रस्त्याचे खडबडीतपण बोटांना कळते. १८५ मिलिमीटरचे टायर आहेत, त्यामुळे मागची चाके घसरायला लागतात तीही सावकाश, बोलून-सांगून आणि कायद्याच्या वेगमर्यादेत. तरीही वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय काढणाऱ्याला ही गाडी क्षमा करीलच असे नाही. ३.८ च्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर खडखड न करता जुळवणारी योजना, नव्हता आणि तो गिअरबॉक्स संथ होता. १९६४ च्या अखेरीस आलेल्या ४.२ मध्ये चारही गिअरना सिंक्रोमेश आला, टॉर्क (फिरवण्याचे बळ) ३५३ वरून ३८४ न्यूटन-मीटरपर्यंत गेला, आसने माणसांनी बसावे अशी झाली आणि ब्रेकला जोर देणारा सर्व्होही सुधारला. संग्राहक सुरुवातीच्या सपाट तळाच्या ३.८ साठी वेडे होतात. ज्याला गाडी चालवायची आहे, त्याने ४.२ घ्यावी, या तुमच्या निवडीशी मी पूर्ण सहमत आहे.

एफ-टाइपमध्ये बटण दाबले की इंजिन भुंकून जागे होते आणि डॅशबोर्डच्या मधून हवेच्या खिडक्या वर सरकतात, याचे पहिल्या महिन्यात कौतुक वाटते. आवाजासाठी सायलेन्सरमध्ये झडपा आहेत आणि त्यांना स्वतंत्र बटण आहे. शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवायचे असतील तर सकाळी ते दाबू नये. व्ही८ घेण्याचा तुमचा विचार आहे, त्याविषयी मात्र मी असहमत आहे. पहिल्या व्ही८ एसची शक्ती ४९५ अश्वशक्ती होती आणि ती सगळी मागच्या दोन चाकांवर जाते. ओल्या रस्त्यावर तिचा मोठा भाग इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच अडवून धरते. ३८० अश्वशक्तीची व्ही६ एस ही या घराण्यातली सर्वांत समतोल गाडी आहे असे माझे मत आहे. एक गंमत अशी, की ती व्ही६ स्वतंत्रपणे आखलेली नाही. व्ही८ च्याच लांबीच्या ठोकळ्यात मागचे दोन सिलिंडर गाळून ती केलेली आहे, त्यामुळे वजनात वाचते ते फारसे नाही, पण पुढचे टोक वळणात थोडे अधिक उत्सुक वाटते. हाताने गिअर बदलायची हौस असेल तर २०१५ नंतर काही वर्षे सहा गतींचा हाती गिअरबॉक्स याच व्ही६ मध्ये, मागच्या चाकांच्या ओढीसह, मिळत होता. या गाड्या थोड्या आहेत, आणि सापडली तर सोडू नका. स्टिअरिंगची मदत सुरुवातीच्या गाड्यांत हायड्रॉलिक होती आणि पुढे विजेची आली. मला पहिली अधिक आवडते, पण तुमच्या वापरात हा फरक निर्णायक नाही.

एफ-टाइप घेताना पाहायचे ते असे: या व्ही६ आणि व्ही८ इंजिनांतल्या शीतकरणाच्या प्लॅस्टिकच्या नळ्या वयानुसार ठिसूळ होतात हे सर्वज्ञात आहे, तेव्हा त्या बदलल्याची नोंद असेल तर उत्तम, नसेल तर ती रक्कम किमतीतून वजा करून घ्या. इंजिन थंड असताना सुपरचार्जरमधून खडखड येत असेल तर आतली जोडणी झिजली असण्याची शक्यता आहे. अपघात झालेली ॲल्युमिनियमची गाडी साध्या वेल्डिंगने सरळ होत नाही. तिला रिव्हेट आणि चिकटद्रव्याचे प्रशिक्षण घेतलेले हात लागतात, म्हणून दरवाजे आणि मडगार्ड यांतल्या फटी सगळीकडे सारख्या आहेत का, हे उन्हात पाहा. आणि दोन आठवडे न चालवता ठेवणार असाल तर बॅटरीला चार्जर जोडून ठेवा.

ई-टाइपची पाहणी याहून फार कठीण आहे, कारण तिथे शत्रू गंज आहे आणि गंज लपवणारे हात कुशल असतात. काही वर्षांपूर्वी एक लालभडक रंगाची, आरशासारखी चकाकणारी कूपे आमच्याकडे फक्त ब्रेकच्या कामासाठी आली. मालकाने ती नुकतीच, ‘संपूर्ण पुनर्बांधणी’ झालेली म्हणून, चढ्या भावाने घेतली होती. गाडी मधोमध जॅकवर उचलली आणि मी सहज चालकाकडचा दरवाजा उघडायला गेलो, तर तो उघडेना. जॅक खाली केला, उघडला. पुन्हा उचलला, पुन्हा अडकला. ज्या गाडीत छताखालच्या सगळ्या बळाची भिस्त दरवाजाखालच्या दोन सिलवर आहे, त्या गाडीत हे का झाले ते सांगायला नको. सिल कापून पाहिली तेव्हा बाहेरून नवा पत्रा, त्याखाली बोटभर जाडीची पुट्टी, त्याखाली आणखी एक जुना ठिगळ-पत्रा आणि सर्वांत आत, जिथे मूळ मजबुतीचा पत्रा असायला हवा, तिथे तपकिरी भुगा निघाला. कोणी केले ते काम, याची चर्चा इथे नको. ब्रेकसाठी आलेली गाडी चौदा महिन्यांनी परत गेली, आणि मालकाने तेवढ्या खर्चात एक चांगली एफ-टाइप घेतली असती.

म्हणून पाहायला जाताना लहान हातोडी, चुंबक आणि शक्य असल्यास नळीतून आत बघणारा कॅमेरा बरोबर ठेवा. पुढच्या चौकटीच्या नळ्या आतून गंजतात आणि बाहेरून ठणठणीत दिसतात. हातोडीच्या हलक्या टोल्याला चांगली नळी खणखणते, पोकळ झालेली बोदा आवाज देते. बॅटरीखालचा भाग आधी पाहा, तिथे आम्ल सांडलेले असते. या नळ्यांना ठिगळ लावून चालत नाही, ती चौकट बदलावीच लागते, आणि इथे कागदोपत्री एक पेच आहे: गाडीचा चासी क्रमांक पुढच्या उजव्या डँपरच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) वर, याच चौकटीवर कोरलेला असतो. म्हणजे प्रामाणिक दुरुस्तीतही मूळ क्रमांक असलेला तुकडा गाडीवरून निघून जाऊ शकतो. जुना तुकडा जपून ठेवलेला असला आणि कामाची छायाचित्रे असली, तर शंका घेऊ नका. यांपैकी काहीच नसेल, तर चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांचे क्रमांक जुन्या नोंदी जपणाऱ्या जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहिल्याशिवाय एक पौंडही देऊ नका.

आता तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांविषयी. गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे आहे आणि जाहिरातीत ‘मूळची ब्रिटिश गाडी’ असे म्हटले आहे, पण पाटीवरचा चासी क्रमांक १ई३ ने सुरू होतो. उजव्या स्टिअरिंगच्या पहिल्या मालिकेतल्या ४.२ कूपेचे क्रमांक १ई२० पासून सुरू होतात. १ई३० पासूनचे क्रमांक डाव्या स्टिअरिंगच्या कूपेचे आहेत. तेव्हा ही गाडी निर्यात झालेली होती, बहुधा अमेरिकेला, कारण बहुसंख्य ई-टाइप तिकडेच गेल्या, आणि नंतर परत आणून तिचे स्टिअरिंग बदलले आहे. यात वाईट काही नाही. कोरड्या हवेच्या राज्यातून आलेल्या गाडीचा पत्रा इंग्लंडच्या मिठाळलेल्या रस्त्यांवर वाढलेल्या गाडीपेक्षा बरा निघतो. परंतु मूळ उजव्या स्टिअरिंगच्या गाडीची किंमत अशा गाडीला देऊ नये, आणि विक्रेत्याने ही गोष्ट तुमच्यापासून लपवली असेल तर त्याने आणखी काय लपवले असेल, हा विचार करावा.

इंग्लंडातल्या नियमांचा कल ई-टाइपच्या बाजूने आहे. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला वाहन-कर भरावा लागत नाही, मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळते, आणि लंडनच्या यूलेझ (अति-कमी उत्सर्जनाच्या) क्षेत्राचे शुल्कही पडत नाही. माझा सल्ला असा, की सूट असली तरी तपासणी दरवर्षी करून घ्यावी. पेट्रोल मात्र जपून भरा: सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे जुन्या रबरी नळ्या आणि टाकीच्या आतल्या सोल्डरला मानवत नाही, म्हणून ई-टाइपला पाच टक्क्यांचे महागडे पेट्रोलच लागते. शिसेरहित पेट्रोलची चिंता नको, कारण या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असून झडपांच्या बैठका वेगळ्या बसवलेल्या आहेत. ज्यांचे नातेवाईक ही गाडी पुढे भारतात न्यायचा विचार करतात, त्यांनी तिकडच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा आणि पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या ‘व्हीए’ (व्हिंटेज) नोंदणीचा आधी अभ्यास करावा. त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या मँचेस्टरच्या फेरीवर ठरते. ती फेरी याच गाडीने करायची असेल, तर व्ही६ एस घ्या, उरलेले पैसे ठेवा आणि पुन्हा मागे वळून पाहू नका. ती फेरी करायला घरात दुसरी गाडी असेल, तर ई-टाइप घ्या, कारण ज्याच्याकडे बंद गॅरेज, मोकळा वेळ आणि पाने धरण्याची हौस आहे, त्याच्या हातात एफ-टाइप वाया जाईल. तिच्यात त्याला करण्यासारखे फारसे काही नाही. फक्त ठरलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत बसेल तीच ई-टाइप पाहा.

छायाचित्रातली गाडी पाहायला जायचेच असेल, तर विक्रेत्याला आधी सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. गेल्याबरोबर बॉनेट उघडून इंजिनाच्या वरच्या, कॅमच्या झाकणावर हात ठेवा. ते कोमट लागले तर तुमची सूचना पाळली गेलेली नाही. थंड असेल तर सुरू करा, वीस मिनिटे चालवा, आणि पूर्ण गरम झाल्यावर मिनिटाला ३,००० फेऱ्यांना तेलाचा दाब दर चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या आसपास आहे का, हे पाहा. त्यानंतर गाडी मधोमध जॅकवर उचलायला सांगा आणि चालकाकडचा दरवाजा उघडून पाहा.